घरातला सेल : संपला तरी जपून



रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला निघताना आपण हातात ‘बॅटरी’ घेतो. तिच्यातल्या जाड सेलची आपली जुनी ओळख. मंद पडला की कौलावर उन्हात टाकायचा आणि आणखी दोन रात्री चालवायचा, ही काटकसर घरोघर चालत आली. पण तापलेला सेल पाझरतो आणि सबंध टॉर्च खातो, हेही आपण पाहिले आहे.

खरे लिहायचे आहे ते चपट्या, बटणासारख्या सेलविषयी. रिमोट, छोटा वजनकाटा, जत्रेतली लुकलुकणारी खेळणी यांत तो असतो. ‘सीआर २०३२’ लिहिलेला सेल २० मिलिमीटर रुंद, ३ व्होल्टचा. म्हणजे जवळजवळ रुपयाएवढा. लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यातून वीज वाहते व तिथे क्षार तयार होतो. कारखान्यात नळ्यांतली खपली काढायला कॉस्टिक वापरतात ना, त्याच जातीचा दाह. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. त्यासाठी सेल फुटावा लागत नाही. रिमोट चालेना म्हणून काढलेल्या सेलातही एवढी वीज उरलेली असते. देवळीत टाकून दिलेला सेलही म्हणूनच धोक्याचा.

पोर एकाएकी लाळ गाळू लागले, खोकू लागले, घास गिळेना, तर शंका घ्या. कधी काहीच लक्षण दिसत नाही. उलटी करवू नका, केळे-भात चारून ‘खाली उतरेल’ म्हणून वाट पाहू नका. एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात तडक न्या आणि सेल गिळल्याची शंका स्पष्ट सांगा, कारण फोटोत तो नाण्यासारखा दिसतो. मूल वर्षाहून मोठे असेल, गिळता येत असेल व बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, सहा वेळांपर्यंत. मधासाठी गाडी मात्र थांबवू नये.

आज घरी एवढे करा : अशा वस्तूंचे झाकण स्क्रूने बसते का, ते पाहा. नसेल तर चिकटपट्टी मारा. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना पट्टी लावून तो झाकणाच्या डब्यात उंचावर ठेवा. चुलीत किंवा पेटत्या पाचटात टाकाल तर तो फुटेल. २०२२ च्या नियमांनुसार जुने सेल गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा तालुक्याला जाताना डबा बरोबर न्या आणि दुकानदाराला विचारा.