स्नायूंमधल्या निजलेल्या पेशी

१९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या स्नायुतंतूंना बिलगलेल्या चिमुकल्या पेशी दिसल्या. या ‘सॅटेलाइट’ मूलपेशी एरवी निजलेल्या असतात. स्नायूला इजा झाली की जाग्या होऊन विभागू लागतात. विलक्षण हे, की ही झोप टिकवण्यासाठी जनुकांना सतत राबावे लागते. शेजारच्या तंतूकडून आलेला निरोप पेशीच्या पृष्ठभागावरचे ‘नॉच’ हे प्रथिन टिपते आणि विभाजनाला लगाम बसतो. उंदरांच्या या पेशींतून निरोप पुढे नेणाऱ्या याच साखळीतले ‘आरबीपी-जे’ जनुक काढून टाकले, तेव्हा इजा नसतानाही पेशी जाग्या झाल्या. बऱ्याचशा तर न विभागताच स्नायुपेशी बनल्या. राखीव साठा आटला. पुढे दुखापत झाली तेव्हा स्नायू भरून काढायला मूलपेशी जवळपास उरल्याच नव्हत्या.