निरोपाची पार्टी, इराण्याकडे

मैत्रीण टोरांटोला चाललीय, कायमची. निरोपाला आम्ही सगळे धोबीतलावच्या कयानीत जमलो. १९०४ सालचं इराणी हॉटेल!

इथे बन मस्का नुसता खाऊ नका. गरम चहात बुडवा. मस्का वितळून चहावर पिवळे ठिपके तरंगतात, तो घोट अजिबात सोडू नका.

अशी हॉटेलं काढणारे बरेचसे झरतुष्ट्री इराणी यझद-केरमानकडचे. गरिबी आणि जाच मागे टाकून मुंबईत आले, इथलेच झाले.

बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियाचा (१९२३) बेरी पुलावही या मैत्रिणीचा लाडका. त्यातली आंबट लाल बेरी म्हणजे इराणचं जरेश्क. टोरांटोत इराणी वस्ती मोठी, त्यामुळे तिथल्या इराणी दुकानांत ते मिळतं. धुऊन तुपात मिनिटभरच परतायचं, करपलं की कडू होतं. चिमूटभर साखर घातली तर उत्तम.