गल्ला आणि कमाई : खर्डीच्या चालकाचा हिशोब

आजचा विषय साधा वाटतो. ॲपवर गाडी चालवणाऱ्याला दिवसाला सुटतात किती? चालकाला विचारलं तर तो मोबाईल दाखवतो : अडीच हजार. पण हा झाला गल्ला. कमाई वेगळी.

आपण फळ्यावर एक हिशोब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. तुमचे तुम्ही घाला. कल्याणला राहणारा चालक, गाडी स्वतःची, कर्जावर घेतलेली. दिवसभरात गाडी २०० किलोमीटर धावली. त्यातले भाड्याचे १२०, रिकामे ८०. गल्ला २,५०० रुपये. म्हणजे भाड्याच्या किलोमीटरला साधारण २१ रुपये. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगरात काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा दर किलोमीटरला २०.६६ रुपये झाला, त्याच्या आसपासच.

आता वजाबाकी. कंपनीचे २० टक्के, ५०० गेले. सीएनजी किलोला ८० रुपये आणि किलोत २० किलोमीटर धरले, तर ८०० गेले. हप्ता महिना १५,०००. महिन्यात २५ दिवस गाडी चालते, म्हणजे रोजचे ६००. विमा, टायर, सर्व्हिसिंगचे १५०. उरले ४५०. बारा तासांची ड्युटी असेल तर तासाला चाळीस रुपयेसुद्धा नाहीत.

हाच चालक खर्डीत राहत असता तर? कल्याण इथून सुमारे ५० किलोमीटर. सकाळी रिकामा गेला, रात्री रिकामा आला, की १०० किलोमीटर वाढले, गॅसचे ४०० गेले. उरले ५० रुपये! ॲप तेच, दर तोच, मेहनत उलट जास्त. म्हणजे फरक पडतो तो रिकाम्या किलोमीटरांनी.

२०२५ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा द्यावा, असं म्हटलंय. रिकाम्या फेरीची भरपाई म्हणून मूळ भाडं किमान ३ किलोमीटरचं धरलंय. शहरात त्याचा उपयोग होतो. आपले ५० किलोमीटर त्यात कुठे बसणार?

दुसरा फरक हप्त्याचा. कर्ज फिटलेल्याला त्याच गल्ल्यात ६०० जास्त दिसतात. पण गाडी झिजतेच आहे. पुढच्या गाडीसाठी त्यातले काही बाजूला काढले नाहीत, तर ती कमाई नव्हे, गाडीच थोडी थोडी विकून खाणं झालं.

आता स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा बघा. तिथे कंपनीचा वाटा नाही, कल्याणची रिकामी फेरी नाही. पण कमाई कसारा लोकलच्या वेळेला बांधलेली. गाडी आली की सीटा भरतात, मग पुढच्या लोकलपर्यंत नंबर लावून बसायचं. तिथे पैसा खातो तो थांबलेला वेळ.

म्हणून नवी गाडी बुक करण्याआधी महिनाभर वहीत चार रकाने ठेवा : भाड्याचे किलोमीटर, रिकामे किलोमीटर, तास आणि खर्च. शोरूमवाला गल्ला सांगेल. उरतं किती, ते वही सांगेल.