हाताने दिलेला श्वास

पावसाळ्यात जिवतीच्या पहाडावर जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली, तर पुष्कळदा त्याला कळतही नाही. दात बारीक, सूज नाही, वेदना नावापुरती. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळता येत नाही. विष मज्जातंतूंच्या टोकाशी बसतं. छातीच्या स्नायूंमध्ये ताकद असते, पण हलण्याचा हुकूमच त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

अशाच एका शेतमजुराला गडचांदूर, राजुरा करत चंद्रपूरला आणलं होतं. अतिदक्षता विभागात तो आला तेव्हा बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजन ९७ दिसत होता. मेहुण्याच्या जिवात जीव आला. डॉक्टरांच्या कपाळावरची आठी मात्र तशीच राहिली. तोंडावर मास्क असल्यावर छाती जेमतेम हलली तरी रक्ताला ऑक्सिजन मिळत राहतो. कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर पडत नाही, आणि तो चिमट्याला दिसत नाही. शरीर स्वस्थ पडून असतानाही मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर तयार करतं. सोड्याच्या बाटलीत होतं तेच रक्तात होतं: वायू पाण्यात विरघळतो आणि आम्ल तयार होतं.

त्यासाठी एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची आणि आम्लतेची तपासणी. रक्त शिरेतलं नव्हे, मनगटाच्या धमनीतलं. सुई टोचण्याआधी मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून, मूठ वळायला लावून पाहतात, की एक बंद पडली तर दुसरी हात सांभाळेल ना. याला मूठ वळता येईना, म्हणून ती सिस्टरने वळली. “भाऊ, जरा टोचते हं,” ती म्हणाली. डोळे मिटलेल्या या रुग्णांना ऐकू येत असतं, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी बोलण्याचं भान सगळेच ठेवत नाहीत. रक्त स्वतःच्या दाबाने सिरिंजमध्ये चढलं. हवेचा बुडबुडा काढला, गुठळी होऊ नये म्हणून सिरिंज तळहातांत फिरवली आणि लगेच यंत्राला दिली. अर्ध्या तासापलीकडे या रक्ताचा भरवसा नाही. म्हणजे पहाडावर नमुना घेऊन खाली धाडणं व्यर्थ; माणसालाच खाली आणावं लागतं.

पीएच ७.२१, कार्बन डायऑक्साइड ७०, बायकार्बोनेट २७. पीएच ७.३५ ते ७.४५ हवा, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५. बायकार्बोनेट फारसं चढलेलं नाही, यावरून दुखणं ताजं हे कळतं. वर्षानुवर्षं चुलीच्या धुराने फुप्फुसं खराब झालेल्या बाईत हाच कार्बन डायऑक्साइड असता, तर मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट साठवून पीएच पुष्कळ सावरून घेतला असता. त्या कामाला तीन ते पाच दिवस लागतात.

घशात नळी गेली. व्हेंटिलेटर जोडेपर्यंत अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, मेहुण्याच्या हातात दिली. पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची, एवढंच सांगितलं होतं. पण घाबरलेला हात मोजत नाही. पुढचा रिपोर्ट उलटा आला: पीएच ७.५२, कार्बन डायऑक्साइड २८. आता रक्त अल्कलीकडे झुकलं होतं. तेही बरं नव्हे. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तातलं पोटॅशियम घसरतं. सिस्टरने त्याच्या हातावर हात ठेवून आकडे म्हणायला सुरुवात केली.

कोपनहेगनमध्ये १९५२ च्या पोलिओच्या साथीत दीड हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हेच पिशवी दाबायचं काम केलं. तिथल्या डॉक्टरांना रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण वाढलेलं दिसे आणि ते त्याला अल्कलीचा विकार समजत. हा कोंडलेला वायू आहे, हे भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ओळखलं. बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून पिशवीने श्वास देत त्यांनी ते दाखवून दिलं.

मण्यारीवर सर्पविषरोधक लस लागतेच, पण तंतूंची टोकं एकदा निकामी झाली की ती लस त्यांना पूर्ववत करत नाही. टोकं पुन्हा कामाला लागेपर्यंत दिवस जातात. तोवर व्हेंटिलेटरवरचा मिनिटाचा श्वासांचा आकडा नव्या एबीजीप्रमाणे कमी-जास्त करत राहायचा.