चौसष्टाव्या वर्षी ट्रायथलॉन

"अहो, बाबा कितव्या वर्षी गेले, आठवतंय ना?" चहाचा कप पुढे ठेवत सौ.ने विचारलं, तेव्हा माझ्या हातात शर्यतीचा फॉर्म होता. न आठवायला काय झालं? वडील १९९२ साली गेले, चौसष्टाव्या वर्षी, हृदयविकाराच्या पहिल्याच झटक्याने. आणि वयाच्या रकान्यात मी नुकताच चौसष्ट हा आकडा लिहिला होता.

शर्यत ट्रायथलॉनची होती. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं, आणि मधल्या कपडे बदलण्याच्या वेळातही घड्याळ चालूच! अमेरिकेत सॅन दिएगोला १९७४ साली हा प्रकार सुरू झाला. १९७८ मध्ये हवाई बेटांवर नौदलातल्या जॉन कॉलिन्स यांनी त्याचं अघोरी रूप काढलं: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. पहिल्या वर्षी पंधराजण उतरले, बाराजणांनी ती पुरी केली. आपल्या मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिकला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तोच पल्ला पार केला. माझी उडी अर्थातच तिथवर नव्हती. या खेळाचं एक धाकटं भावंड आहे, 'स्प्रिंट' नावाचं: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. खाडीपलीकडे नवी मुंबईत एका क्लबाने ती भरवली होती.

खरं तर या तिन्ही गोष्टी आमच्या पिढीने पैसे मोजून शिकलेल्या नाहीत. वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून मला गावच्या विहिरीत ढकललं आणि काठावर विडी ओढत उभे राहिले. सायकल तासाच्या भाड्याने आणून, दांडीखालून पाय घालून, कैची मारत शिकलो. आणि पळायला मुलुंड स्टेशनाच्या जिन्याने शिकवलं. आठ-बाराची गाडी चुकली की फोर्टातल्या शाखेत हजेरीपुस्तकावर लाल रेघ ठरलेली. पुढे अधिकारी झालो, खुर्ची मिळाली आणि तिन्ही विद्या गेल्या. निवृत्त होताना निरोपाच्या हारापेक्षा पोटच पुढे होतं.

सौ.ने कुठूनसं एक कात्रण मिळवलं. तीन दशकांतल्या अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला होता. मृत्यू आणि हृदय अचानक बंद पडण्याच्या घटना मिळून १३५, त्यांतल्या ९० पोहतानाच्या. धोका साठीपुढच्या पुरुषांना सर्वांत जास्त. कात्रण तिने फ्रिजवर चिकटवलं, दूध काढताना रोज दिसेल असं. वादात अर्थ नव्हता. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीला तारा लावून पट्ट्यावर पळवलं, रक्त तपासलं, आणि सहा महिने सराव केल्याशिवाय उतरायचं नाही, अशी अट घातली. सौ.ला त्यांनी मनगटावर नाडी मोजायला शिकवलं. त्या दिवसापासून आमच्या घरात सकाळ नाडीने उजाडू लागली.

कालिदास नाट्यमंदिराशेजारच्या तलावात पोहायला जायचो, भल्या पहाटे हमरस्त्याने घाटकोपरपर्यंत सायकल मारून परत यायचो. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतात. सर्वांत छळलं ते सायकलवरून उतरल्या उतरल्या धावण्याने. गोल फिरायची सवय झालेले पाय जमिनीवर पडेनात. गुडघ्याखाली कुणीतरी दुसऱ्याचे पाय बसवल्यासारखे वाटायचे. या जोडसरावाला इंग्रजीत 'ब्रिक' म्हणतात, म्हणजे वीट. नाव ठेवणाऱ्याचेही पाय माझ्यासारखेच असावेत.

जानेवारीतल्या त्या रविवारी ऐरोलीचा पूल ओलांडला तेव्हा अंधार होता. दंडावर शाईने नंबर लिहून घ्यायला गेलो, सायकल सौ.जवळ दिली. ती गप्प होती. आदल्या रात्रीही गप्पच होती.

पंचवीस मीटरचा तलाव, तीस फेऱ्या. शिट्टी झाली आणि शेजारच्या पोराची लाथ कानशिलावर बसली. चौथ्या फेरीलाच श्वास गळ्यात अडकला. विहिरीत भोपळा सुटला होता तेव्हा अडकला होता, तसाच. ते नव्वद आकडे डोळ्यांसमोर आले. कठडा धरला. धरायला मनाई नसते, हे वाचून ठेवलं होतं. दहा श्वास मोजले, छातीत दुखतंय का ते नीट पाहिलं. दुखत नव्हतं, मी घाबरलो होतो, एवढंच. सावकाश निघालो. पुढे मात्र भलतंच झालं. नोटांची बंडलं मोजण्यात उमेदवारी घालवलेला मी, सतरा की अठरा, विसरलो! रोकड जुळली नाही तर तूट कॅशियरच्या खिशातून, हा बँकेचा धडा. सतरा धरली. बहुधा एकतीस फेऱ्या मारल्या.

बाहेर आलो तर चष्मा नाही. तो सायकलवर, आणि सायकली दोनशे, माझ्यासाठी सगळ्या धुरकट आणि एकसारख्या. बाहेरच्या माणसाने मदत केली तर बाद करतात. दोरीपलीकडे सौ. तोंडावर पदर धरून उभी होती, एक अक्षर न बोलता. तेवढ्यात रांगेत काहीतरी लाल फडफडलं. हँडलला चिंधी बांधली होती. जवळ जाऊन पाहिलं, तर तिच्या जुन्या इरकलीचा काठ! नंबर लिहून येईपर्यंत बांधला असणार. आधी हेल्मेटचा पट्टा, मगच सायकलला हात, हा नियम त्या गडबडीत आठवला हे नशीब.

सायकलीची हकीकत थोडी आहे. पोरं सूंऽ करून जात होती, "काका, डावीकडून" म्हणत. मी डावीकडूनच होतो. धावताना तिसऱ्या किलोमीटरला चालायला लागलो आणि ते लपवलं नाही. माझ्यापुढे एक बाई चालत होत्या. दोघांनी मिळून एका झाडापर्यंत धावायचं, पुढच्या झाडापर्यंत चालायचं, असा करार केला. दोन तास एकवीस मिनिटं. मागे तिघं उरले होते, त्यांतल्या एकाची सायकल पंक्चर होती.

पदक गळ्यात पडल्यावर मी सौ.कडे पाहिलं. कौतुकाचे दोन शब्द तरी! तिने माझं मनगट ओढलं, बोटं टेकवली आणि घड्याळाकडे नजर लावली. मी म्हणालो, "अगं, बाबा असते तर..."

"मोजू द्या," ती म्हणाली. "मधे बोललात की चुकतं."