चोकची तार तुटली, बाहेर कडाक्याची थंडी, आणि गाडी जुनी फियाट! आता ती सुरू कशी करायची?

डिसेंबरची सकाळ. निफाडच्या बाजूला पारा ५ अंशांच्या खाली गेलेला. अंगणात ताडपत्री पांघरून उभी असलेली जुनी प्रीमियर पद्मिनी. चावी फिरवली, सेल्फ मारला, गाडी नुसतीच खोकली. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. चोकचा खटका ओढावा तर तो तारेसकट हातात येतो. चौथ्या-पाचव्या प्रयत्नानंतर सेल्फचा आवाज लांबायला लागतो आणि घरातून कुणीतरी ओरडतं, "अरे, बॅटरी उतरेल!"

ज्यांच्या घरी ९०च्या दशकात पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा पहिली मारुती ८०० होती, त्यांना हा प्रसंग नवा नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमची गेली. पण हौसेने जपलेल्या पद्मिनी आजही आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा चोक नीट चालत नाही. कारण साधं आहे. मुंबईसारख्या शहरात वर्षातले बहुतेक दिवस चोक लागतच नाही. न वापरलेली तार गंजते, अडकते आणि नेमकी ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी तुटते.

मग चोकशिवाय गाडी सुरू होते का? होते. पण त्यासाठी चोक मुळात करतो काय, हे आधी कळायला हवं.

द्रवरूप पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. इंजिन गरम असताना साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल (वजनाने) हे मिश्रण नीट जळतं. थंडीत मात्र पेट्रोलमधला हलका भाग तेवढा उडतो, बाकीचा द्रवच राहतो. त्यात कार्बोरेटरपासून सिलिंडरपर्यंतचा धातूचा रस्ता गार असतो. भाताच्या पातेल्यावर गार झाकण ठेवलं की आतून जसे थेंब धरतात, तसं पेट्रोल त्या भिंतींना चिकटून बसतं. कार्बोरेटरने दिलं १ भाग, सिलिंडरपर्यंत वाफ होऊन पोहोचलं त्याहून कितीतरी कमी. ठिणगी पडते, पण पेटायला पुरेसं काही नसतं.

दुसरी अडचण वेगाची. कार्बोरेटर हे पंप नव्हे. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल आपोआप ओढलं जातं. सुरू असलेलं इंजिन उभ्या गाडीतही मिनिटाला ८०० च्या आसपास फेरे घेतं. सेल्फवर ते जेमतेम १००-२०० फेरे फिरतं, आणि थंडीत इंजिन ऑइल घट्ट झालेलं असेल तर त्याहूनही कमी. हवेला जोर नाही म्हणून पेट्रोलला ओढ नाही. म्हणजे ज्या क्षणी जास्त पेट्रोल हवं, नेमकं त्याच क्षणी कार्बोरेटर कमी देतो.

चोक ही त्यावरची अगदी साधी युक्ती. कार्बोरेटरच्या तोंडावर एक गोल झडप असते. खटका ओढला की ती बंद होते, हवेची वाट अडते आणि इंजिनाची सगळी ओढ पेट्रोलच्या जेटवर पडते. शब्दशः गळा आवळणं! पण चोक आणखी एक काम गुपचूप करतो, जे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. खटका ओढल्यावर तो खालची अ‍ॅक्सिलरेटरची झडपही किंचित उघडतो, म्हणजे थंड इंजिन थोड्या जास्त रेसवर राहतं आणि लगेच बंद पडत नाही. चोक नसेल तर ही दोन्ही कामं कुणीतरी करायला हवीत. ती करतो ड्रायव्हरचा उजवा पाय.

पायाखालची पिचकारी

बहुतेक कार्बोरेटरमध्ये एक छोटा पंप असतो, अ‍ॅक्सिलरेटर पंप. तो खरं तर ओव्हरटेक करताना अचानक रेस दिली की गाडीने दम तोडू नये म्हणून दिलेला. पेडल दाबलं की तो पेट्रोलची बारीक धार थेट कार्बोरेटरच्या गळ्यात मारतो. इंजिन बंद असलं तरी मारतो, आणि जुन्या ड्रायव्हरांची सगळी करामत याच एका गोष्टीवर उभी आहे.

चावी चालू करण्याआधी पेडल तळापर्यंत दोन-तीनदा सावकाश दाबायचं. मग पाच-दहा सेकंद थांबायचं. हे थांबणं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं, कारण त्या वेळात आत पडलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून वाफ होतो. त्यानंतर पेडल अगदी थोडं, बोटभर दाबून धरायचं आणि सेल्फ मारायचा. इंजिनाने पकड घेतली की पाय उचलायचा नाही. चोकचं दुसरं काम आता पायाकडे आलेलं असतं. रेस किंचित वर धरून ठेवायची, इंजिन लटपटायला लागलं की पेडलला हलकासा ठोका द्यायचा. एक-दोन मिनिटांत इंजिन स्वतःच्या बळावर उभं राहतं. त्यानंतर उभ्या उभ्या रेस करत बसण्यापेक्षा सावकाश गाडी काढलेली बरी, ती लवकर तापते.

एका दमात सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावं, नाहीतर सेल्फची मोटर तापते आणि आधीच थंडीने मंदावलेली बॅटरी पुरती झोपते.

गाडी आठवडा-दोन आठवडे उभी असेल तर मात्र पेडल कितीही मारा, काही होणार नाही. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल तोवर उडून गेलेलं असतं, मग पिचकारीत भरायला काय उरणार? इंजिनवरच्या यांत्रिक पेट्रोल पंपाला काही गाड्यांत हाताने हलवायचा छोटा दांडा असतो. तो दहा-वीस वेळा हलवला की वाटी भरते. पिचकारी चालते की नाही हे तपासायचं असेल तर इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या तोंडात डोकवा आणि दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा. धार दिसली पाहिजे.

मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश गाड्यांमधल्या एसयू कार्बोरेटरला ही पिचकारीच नसते. तिथे सेल्फआधी पेडल मारणं म्हणजे निव्वळ पायाचा व्यायाम.

तार तुटली म्हणजे चोक तुटला असं नाही

ही गोष्ट घाबरलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. डॅशबोर्डवरचा खटका निकामी झाला तरी बॉनेटखाली झडप आणि तिचा छोटा दांडा बहुधा जागेवरच असतो. बॉनेट उघडून तो दांडा हाताने चोकच्या बाजूला सरकवायचा, आत बसून सेल्फ मारायचा, गाडी सुरू झाली की दांडा परत मागे. दांडा जागेवर राहत नसेल तर तारेच्या तुकड्याने अडकवता येतो, फक्त नंतर सोडायला विसरायचं नाही. तो तसाच राहिला तर सायलेन्सरमधून काळा धूर येतो, प्लग काजळतात आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन काढतं.

गॅरेजमध्ये कधीकधी कार्बोरेटरच्या तोंडावर सरळ तळहात धरलेला दिसतो. तत्त्व चोकचंच, आणि ते चालतंही. पण थंड इंजिन उलटं फुटतं, म्हणजे ज्वाळा कार्बोरेटरमधून वर येते. तेव्हा तिथे हात असू नये. बाटलीने किंवा टोपणाने कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतण्याचे व्हिडिओ तर रोज फिरत असतात. उलटी ज्वाळा आणि हातात पेट्रोलची उघडी बाटली, पुढचं सांगायला नको. गाडी सुरू होते म्हणून ती युक्ती शहाणपणाची ठरत नाही.

दारं बंद केलेल्या गॅरेजमध्येही हे प्रयोग करू नयेत. जास्त पेट्रोलवर चालणारं थंड इंजिन कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतं. त्याला ना वास, ना रंग. थंडी वाजते म्हणून शटर खाली ओढून गाडी तापवत बसलेल्या माणसाला काय झालं ते कळायच्या आत शुद्ध हरपू शकते.

आणि उतावळेपणाने पेडल दहा-पंधरा वेळा मारलं तर? मग उलटंच होतं. पेट्रोलचा वास येतो, प्लग ओले होतात, ठिणगीच पडत नाही. अशा वेळी दहा मिनिटं चहा घ्यावा. मग पेडल एकदाच तळापर्यंत दाबून तसंच धरून ठेवावं, वरखाली करू नये, आणि सेल्फ मारावा. पूर्ण उघडलेल्या वाटेने भरपूर हवा आत जाते आणि साचलेलं पेट्रोल सुकवत नेते. एवढं करूनही जमलं नाही तर प्लग काढून पुसून लावणं आलं, किंवा शेजाऱ्यांना हाक मारून दुसऱ्या गिअरमध्ये धक्का देणं.

सकाळी चेतक एका बाजूला आडवी करून मग किक मारणारे काका आठवतात? कल्पना हीच होती, कार्बोरेटरकडे पेट्रोल जरा जास्त यावं. जुन्या जावाच्या कार्बोरेटरवर त्यासाठी एक बटणच असायचं. ते दाबलं की फ्लोट खाली जाऊन वाटी काठोकाठ भरायची.

आजच्या गाडीत हे काम कॉम्प्युटर करतो. इंजिन किती थंड आहे हे एक सेन्सर सांगतो आणि त्या हिशेबाने इंजेक्टर जास्त वेळ उघडा राहतो. त्यामुळे नव्या गाडीत सेल्फआधी पेडल मारून काहीच होत नाही. उलट अनेक इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये सेल्फ मारताना पेडल तळापर्यंत दाबून धरलं, तर कॉम्प्युटर "प्लग ओले झालेत" असं समजून पेट्रोलच बंद करतो. बाबांच्या फियाटची सवय नव्या गाडीत नेणाऱ्यांची सकाळ त्यामुळे जरा लांबते.