गॅस गिझर आणि न्हाणीघरातील हवा
थंडीच्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरात आम्ही दार-खिडकी घट्ट लावून आंघोळ करतो. न्हाणीघरातच गॅस गिझर असेल तर ही सवय जिवावर बेतते. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. या विषारी वायूला वासही नाही, रंगही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक सहज जोडला जातो. डोके दुखते, चक्कर येते, कडी काढण्याचे बळही उरत नाही.
म्हणून आमची विनंती आहे : गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवावा, फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यावी. न्हाणीघराचा झरोका थंडीतही पुठ्ठ्याने बुजवू नये. कोणी बेशुद्ध पडल्यास प्रथम दार उघडून, गॅस बंद करून त्यास मोकळ्या हवेत आणावे व तत्काळ रुग्णालयात न्यावे.